बापाच्या भूमिकेला योग्य माणूस

१ जुलै, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहिण्याचं कारण नाही.
वय बावन्न. व्यवसाय चष्म्याचा, दुकान स्वतःचं. भिंगं घासायला कोणाकडे शिकलो नाही, डोळे तपासायला कोणाकडे शिकलो नाही, आणि सत्तावीस वर्षांत चुकीचा नंबर एकही दिलेला नाही. दोघांनी तशी तक्रार केली होती. दोघांचेही डोळे चुकीचे होते.
आजपासून मी कॉलेजचा विद्यार्थी. नाट्य, अभिनय आणि चित्रपट, एक वर्षाचा डिप्लोमा. माहितीपत्रकात 'वयाची अट नाही' असं ठळक छापलं आहे. फॉर्म घेताना कारकुनाने विचारलं, मुलाचा का. मी म्हणालो, तसं नाही, माझाच. त्याने कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय. सांगितलं नाही. येईल झक मारत.
कारण लिहून ठेवतो. आमच्या हौशी नाट्यमंडळात मी चोवीस वर्षं प्रॉम्प्टर. विंगेत स्टूल, मांडीवर संहिता, डोक्यावर छोटा दिवा. नट अडकला की मी पुढचा शब्द द्यायचा. टाळ्या त्याला. यंदा मंडळाची पंचविशी, म्हणून मी अध्यक्षांना म्हणालो, या वेळी मला काम द्या. अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले, अहो, अभिनयाला शिक्षण लागतं, ते काय भिंतीवरची अक्षरं वाचून घेणं आहे. सगळे हसले. हसणाऱ्यांतले चौघे माझ्याच चष्म्यातून एकमेकांकडे बघत होते.
ठीक आहे. शिक्षण तर शिक्षण.
संकल्प: वर्षअखेरच्या नाटकात मुख्य भूमिका करायची, अध्यक्षांना पहिल्या रांगेत बसवायचं, आणि नंतर त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

२ जुलै
वर्गात शिरलो तर सगळे उभे राहिले. बावीस मुलंमुली, विशीच्या आसपासची. मी बसा म्हणालो, बसली. मग नुसतं उभं कसं राहायचं, म्हणून प्रकाशयोजनेवर थोडं बोललो. पंधरा मिनिटं वर्ग रंगला. तेवढ्यात अभिनयाच्या बाई आल्या, जेमतेम पस्तिशीच्या. दारात उभं राहून त्यांनी माझं शेवटचं वाक्य ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, छान, आता तुम्हीही बसा.
मुलं काका म्हणायला लागली. मी स्पष्ट केलं, मी काका नाही, सहाध्यायी आहे. आता 'सहाध्यायी काका' म्हणतात.
मागच्या बाकावर एक किडकिडीत पोरगा अर्धे डोळे मिटून बसला होता. त्याचं नाव मी पेंगुळ ठेवलं. माझ्या पंधरा मिनिटांत हलला नाही. अशा पोरांना कॉलेजात घेतातच कशाला.

११ जुलै
आरशाचा खेळ. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकाने हालचाल करायची, दुसऱ्याने आरसा व्हायचं. माझ्या वाट्याला पेंगुळ. मी चष्मा काढला, उजेडाकडे धरला, सदऱ्याच्या टोकाने तीनदा पुसला. पोराने चष्मा नसताना तेच केलं, तिसऱ्यांदा पुसताना माझी करंगळी वर जाते म्हणे, ती त्याचीही गेली. बरा जमला त्याला. समोर शिकवणारा चांगला असला की जमतं.
मग मी आरसा. त्याचा हात खांद्यातून उचलला जात होता, तो मी दुरुस्त केला. बाई म्हणाल्या, काका, आरसा बोलत नाही.
मला आरशाबद्दल सांगतात. दुकानात माझ्याकडे सात आरसे आहेत.

१५ जुलै, सकाळी
चहाला मुलगी म्हणाली, बाबा, मी एके ठिकाणी अर्ज. मला लगेच कळलं. म्हणालो, पासपोर्टचा ना, फोटोत चष्मा काढून ठेव, काच चमकते. ती म्हणाली, नाही बाबा, मी. मी म्हणालो, तसं नाही, फ्रेम कुठलीही असो, काढायचाच. गप्प झाली. शंका फिटली असावी.
तिच्या कपाचा कान नेहमीप्रमाणे डावीकडे. मी उजवीकडे वळवून दिला. घरातले सगळे कान मीच सरळ करतो; माणूस कप उजव्या हाताने उचलतो, एवढी साधी गोष्ट आहे. लहानपणी ती लिहायचीसुद्धा डाव्या हाताने. ते मी सहा महिन्यांत सुधारलं. चोवीस वर्षांची झाली, अजून लक्ष ठेवावं लागतं.

३० जुलै
सकाळचं दुकान बायको बघते. सुरुवातीला म्हणाली, अहो, मला कुठे नंबर काढता येतात. मी म्हणालो, तुला काढायचेच नाहीत, गिऱ्हाईक फक्त बोलण्यात गुंतवून ठेव. आज लवकर परतलो तर ती स्वतः नंबर काढत होती. सहा चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या. सहाही बरोबर.
मशीन चांगलं आहे.

८ ऑगस्ट
कॅमेऱ्याचा तास. समोरची मुलगी तिच्या आजीच्या आजारपणाबद्दल बोलणार, आपण क्लोज-अपमध्ये नुसतं ऐकायचं. अभिनयातला सगळ्यात सोपा प्रकार. पहिला टेक. कॅमेऱ्याचे सर म्हणाले, काका, ओठ हलताहेत. दुसरा टेक. ओठ हलताहेत. अकरा टेक झाले. मुलगी अकरा वेळा रडली, शेवटच्या तीन वेळा खरंखुरं.
मग सरांनी पडद्यावर दाखवलं. म्हणे तिचं प्रत्येक वाक्य तुम्ही तिच्याबरोबर पुटपुटताय, कधीकधी तिच्या आधी. पडद्यावर ओठ हलताना दिसतात हे मान्य. पण मी ते हलवलेले नाहीत. म्हणजे दोष कॅमेऱ्यात. भिंगाच्या कडेला प्रतिमा थरथरते, हे सरांना नीट समजावलं. सर म्हणाले, काका, तुमचं तोंड फ्रेमच्या मधोमध आहे.
उर्मट माणूस. अजून चष्मा नाही. लागेल.

२२ ऑगस्ट
गृहपाठ: निरीक्षण. प्रत्येकाने एक खरा माणूस निवडायचा, महिनाभर बघायचं, त्याला कळू द्यायचं नाही, आणि मग वर्गात तो माणूस उभा करायचा. बाई म्हणाल्या, नक्कल नको, तो माणूस असा का आहे ते दिसलं पाहिजे.
मुलं घाबरली. मी मनात हसलो. सत्तावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघतोय. माझ्याइतकं निरीक्षण या इमारतीत कोणाचंही नाही.
निवडला: फाटकावरचा वॉचमन.

२६ ऑगस्ट
वॉचमन चुकीचा बसतो. खुर्चीत तिरपा, काठी पायांत. वॉचमन असा बसला तर प्रेक्षकांना तो वॉचमन वाटणार नाही. त्याला कसं बसायचं ते दाखवलं.

२९ ऑगस्ट
पुन्हा दाखवलं. तो म्हणाला, साहेब, तुमचं माझ्याशी काय वाकडं आहे.

२ सप्टेंबर
वॉचमनने मागच्या फाटकावर बदली मागून घेतली. कॉलेजचं प्रशासन ढिसाळ आहे. विद्यार्थ्याचा अर्धा अभ्यास असा वाया जातो.

२३ सप्टेंबर
सादरीकरण. मी वॉचमन केला. जसा होता तसा नाही, जसा असायला हवा तसा. शेवटी वीस मिनिटं स्पष्टीकरण दिलं. बाईंनी विचारलं, तो तिरपा का बसतो हे कळलं का. मी म्हणालो, वाईट सवय. मागून कोणीतरी सांगितलं की त्याचं कमरेचं ऑपरेशन झालंय. हे मला आधी सांगायला हवं होतं.
निरीक्षण: सी. डोळ्यांचा धंदा करणाऱ्या माणसाला निरीक्षणात सी. वहीत लिहून ठेवतो म्हणजे पुढे हसायला बरं.
पेंगुळने काही केलंच नाही. म्हणाला, माणूस सापडलाय, पण अजून पुरता कळला नाही, मुदत द्या. बाईंनी दिली. आळसाला आता मुदत म्हणतात.

३ ऑक्टोबर
पेंगुळ दुकानात आला. डोळे तपासून घ्यायचे म्हणाला. तपासले. शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी. नंबर शून्य. तरी स्टुलावर तासभर बसून राहिला. जाताना विचारलं, सर, मी अधूनमधून आलो तर चालेल का, तुमच्याकडे बघून खूप शिकायला मिळतं.
सर म्हणाला. काका नाही.
मी त्याच्याबद्दल घाईने मत बनवलं होतं. माणूस ओळखायला थोडा वेळ द्यावा लागतो, हा माझा मोठेपणा.

१९ ऑक्टोबर
पेंगुळ आता आठवड्यातून तीनदा येतो, कधी दुकानात, कधी घरी. बायको चहा देते. म्हणाली, हा पोरगा ऐकतो हो. मी म्हणालो, ऐकेलच, बोलणारा मी आहे.
आज त्याने एक चूक केली. मी मुलीच्या कपाचा कान उजवीकडे केल्यावर त्याने तो हळूच परत डावीकडे फिरवून ठेवला. वर मुलगी त्याच्याकडे बघून हसली. निरीक्षण कच्चं. शिकेल.

२५ ऑक्टोबर
संशय आला की पोरगा मुलीसाठी येतो. दोन दिवस पाळत ठेवली. तसं नाही. तो तिच्याकडे बघतच नाही, सगळा वेळ माझ्याकडेच बघतो. निर्धास्त झालो.

९ नोव्हेंबर
पेंगुळला मंडळाची कात्रणं दाखवावी म्हणून आतल्या खोलीत गेलो. चोवीस वर्षांच्या बातम्या, फायलीत लावलेल्या. माझं नाव कुठल्याच बातमीत नाही, पण ज्या ज्या वाक्यांचं कौतुक झालंय ती मीच पुरवलेली, म्हणून त्यांखाली लाल रेघ मारली आहे. फाईल पोटमाळ्यावर गेली होती, शोधायला वेळ लागला. परत आलो तर पेंगुळसमोर मुलगी बसलेली, डोळे पुसत होती. कात्रणं बघून गहिवरणं मी समजू शकतो. पण ती मी अजून उघडलीसुद्धा नव्हती.
मुलगी म्हणाली, बाबा, मला पत्र. मी म्हणालो, तसं नाही, पत्र नव्हे, याला कात्रण म्हणतात. उठून गेली. अलीकडे चिडचिडी झाली आहे. ऑफिसात काहीतरी असेल.

२८ नोव्हेंबर
वर्षअखेरचं नाटक जाहीर झालं. वर्गातल्याच एका मुलीने लिहिलेलं. पात्रं चार: बाप, आई, मुलगी, मुलगा. मधोमध जेवणाचं टेबल, चार खुर्च्या. बाप सर्वज्ञ. एकेक जण उठून जातो, एकेक खुर्ची रिकामी होते, आणि शेवटी बाप रिकाम्या खुर्च्यांशी बोलत राहतो.
फार मोठी शोकांतिका. एवढा जाणता बाप, आणि घरात कोणाला किंमत नाही.
बापाचं वय पंचावन्न. वर्गात पांढरे केस एकाच डोक्यावर आहेत. ऑडिशन म्हणजे आता उपचार.

३० नोव्हेंबर
निमंत्रणपत्रिका छापून आणल्या. साठ. 'प्रमुख भूमिका' आणि खाली माझं नाव. अध्यक्षांची पत्रिका हाताने नेऊन दिली. त्यांनी चष्म्यावरून वाचली, मग चष्म्यातून वाचली. म्हणाले, अरे वा, म्हणजे शिकलात की. मी काही बोललो नाही. कलावंताने अशा वेळी जेवढं कमी बोलावं तेवढं बरं. फक्त पंधरा मिनिटं थांबून नाटकाचा आशय सांगितला.

१० डिसेंबर
संपूर्ण संहिता पाठ. फक्त बाप नाही, चारही जण. बायको म्हणाली, अहो, बाकीच्यांची कशाला. मी म्हणालो, समोरचा अडकला तर. ती म्हणाली, आणि नाही अडकला तर.
नाटकातलं हिला काही कळत नाही.

१४ डिसेंबर
ऑडिशन. बाप आणि मुलगी यांचा प्रवेश. अप्रतिम झाला असता. पण समोरची मुलगी दर वाक्याला थबकायची. बाईंनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, मी बोलायच्या आधीच माझं वाक्य काकांच्या तोंडावर दिसतं, मग मला बोलावंसंच वाटत नाही. बाई म्हणाल्या, काका, तिचं वाक्य तिला बोलू द्या. मी म्हणालो, तसं नाही बाई, माझे ओठ मिटलेले होते. वर्ग हसला.
आता कॅमेऱ्याबरोबर यांचेही डोळे बिघडले. पेंगुळ तेवढा हसला नाही. तो बघत होता.

२० डिसेंबर
यादी लागली.
बाप: पेंगुळ.
मी: प्रॉम्प्टर.

२१ डिसेंबर
काल पुढे लिहिवलं नाही. बाईंना भेटलो. सरळ विचारलं, पंचावन्न वर्षांचा बाप वीस वर्षांचा पोरगा करणार, आणि बावन्न वर्षांचा माणूस विंगेत बसणार, हे कोणतं शिक्षण. बाई म्हणाल्या, त्याला तो बाप कळलाय. मी विचारलं, मला कळलेला नाही? बाई म्हणाल्या, काका, सबंध नाटक पाठ असलेले तुम्ही एकटे आहात.
बोलणं गोड, पण अर्थ तोच जो अध्यक्षांचा होता. चोवीस वर्षांत अंतर किती कापलं, तर स्टुलापासून स्टुलापर्यंत. फरक एवढाच की आता स्टूल कॉलेजचं आहे आणि डुगडुगतं.
उरलेल्या एकोणसाठ पत्रिकांवर पेनने दुरुस्ती करायला बसलो. 'प्रमुख भूमिका' च्या जागी 'प्रमुख भूमिकेस साहाय्य'. मुलगी मदतीला आली. चाळीस तिने केल्या. अक्षर तिरकं आलंय, पेन डाव्या हातात धरलं होतं, घाईमुळे असेल. काही बोलायचं होतं वाटतं. मी म्हणालो, माझ्यावर अन्याय झालाय हे तुला सांगायची गरज नाही, मला माहीत आहे.

५ जानेवारी
तालमी. ठरवलं आहे: पेंगुळ अडकला तर शब्द द्यायचा नाही. अडकू दे. सगळ्यांदेखत अडकू दे. तेव्हा कळेल, नाटक कोणाच्या तोंडावर चालतं.

१२ जानेवारी
एकदाही अडकला नाही. तीन तास उघडं तोंड घेऊन बसलो होतो.

१९ जानेवारी
पेंगुळचं काम बिघडत चाललंय. मी मुद्दे काढले आहेत. एक, दुसऱ्याच्या वाक्यावर त्याचे ओठ हलतात. दोन, मत द्यायच्या आधी चष्मा काढून उजेडाकडे धरतो, तीनदा पुसतो. काच स्वच्छ असताना पुसायचं काय. तीन, टेबलावरचे कप सरळ करत फिरतो. चार, आणि हे अक्षम्य आहे, प्रत्येक वाक्याआधी 'तसं नाही' लावतो. संहितेत 'तसं नाही' एकदाही नाही. कालच्या तालमीत मी मोजले: एकोणतीस.
बाईंना यादी दिली. म्हणालो, असा माणूस जगात असतो का, हा बाप नव्हे, व्यंगचित्र आहे. बाईंनी यादी दोनदा वाचली. माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला काका न म्हणता माझ्या नावाने हाक मारली. म्हणाल्या, बसा जरा. मी म्हणालो, वेळ नाही, दुकान आहे. त्या म्हणाल्या, मग नाटकात तसंच असू दे.
चूक दाखवली की शिक्षकाचा अहंकार दुखावतो.

२ फेब्रुवारी
पेंगुळ घरी येत नाही आता. तीन आठवडे झाले. शिकून झालं, उडाला. दुकानात एकदा फोन केला होता. बायकोने घेतला. म्हणाली, तो विचारत होता, सर रागावतील का. मी म्हणालो, कशाबद्दल. ती फडक्याने काउंटर पुसत राहिली. काउंटर स्वच्छ होता.

२२ फेब्रुवारी, सकाळी
काल प्रयोग झाला. सभागृह भरलेलं. अध्यक्ष पहिल्या रांगेत, शेजारी बायको आणि मुलगी. मी डावीकडच्या विंगेत, दिवा लावून.
पेंगुळने केसांना पांढरा रंग लावला होता, थोडं पोट बांधलं होतं. पहिल्या 'तसं नाही' ला हशा. दुसऱ्याला मोठा. चष्मा पुसल्यावर टाळ्या. कप सरळ करायचा आणि नाटकातली मुलगी तो परत फिरवायची, सहा वेळा, दर वेळी हशा. मला काही कळेना. प्रेक्षकांची अभिरुची इतकी खालावली आहे.
पण मध्यंतरानंतर हसणं थांबलं. नाटकातली मुलगी बापाला काहीतरी सांगायला येते आणि तो तिचं वाक्य स्वतःच पुरं करतो, चुकीचं. ती पुन्हा सुरुवात करते, तो पुन्हा पुरं करतो. संहितेत हे दोनदा आहे. पोराने चारदा केलं. मी विंगेच्या फटीतून पाहिलं, तर पहिल्या रांगेत माझी मुलगी मान खाली घालून बसलेली आणि बायकोने तिचा हात धरलेला. अध्यक्षही चष्मा काढून डोळे पुसत होते. भावनाप्रधान प्रसंग आहे, मान्य, पण चारदा म्हणजे अति.
शेवटी सगळे उभे राहिले. अध्यक्ष आत आले, मला मिठी मारली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, अहो, डोळे मिटले असते तर तुम्हीच बोलताय असं वाटलं असतं, आणि उघडे ठेवले तरी तेच. मी म्हणालो, शेवटी तालीम कोणाची. ते म्हणाले, राग नाही ना आला. मी म्हणालो, छे, कशाचा.
घरी येताना बायकोला विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, हुबेहूब. मी विचारलं, कोणासारखं. तिने रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं. आमचं घर उजवीकडे आहे. लांबून आलो.

३ मार्च, दुपारी
कॅमेऱ्याच्या सरांकडून प्रयोगाचं चित्रीकरण मागून आणलं. चुकांची सविस्तर नोंद करून बाईंना द्यायची, पुढच्या वर्गाला उपयोग होईल. दुकान बंद करून आतल्या खोलीत बसलो. वही, पेन, लाल शाई.
पहिला अंक. तीन नोंदी केल्या.
दुसरा अंक. कॅमेरा थोडा डावीकडे सरकवलेला आहे. टेबल, बाप, मुलगी, आणि फ्रेमच्या डाव्या कडेला विंगेच्या पडद्याची फट. फटीत छोटा दिवा. दिव्याखाली मी.
मुलगी बोलायला तोंड उघडते. बापाचे ओठ हलतात. फटीत माझे ओठ हलतात. एकाच वेळी, एकच शब्द. मग तो चष्मा काढून उजेडाकडे धरतो. मग फटीतला माणूस चष्मा काढून दिव्याकडे धरतो. दोघांचीही करंगळी वर.
मागे नेऊन तीनदा पाहिलं.
कॅमेऱ्यात दोष नाही.

४ मार्च
दुकान उघडलं नाही. पहिल्या पानापासून ही वही वाचली. 'तसं नाही' मोजायला घेतले. पाचच्या पुढे सोडून दिलं.

८ मार्च
निकाल. अभिनय: बी. निरीक्षण: सी, आधीचाच. पेंगुळला निरीक्षणात सगळ्यात वरची श्रेणी, मुदत मागून केलेल्या कामाबद्दल. तो जिन्यात भेटला. डोळे पूर्ण उघडे होते, पहिल्यांदा पाहिले. म्हणाला, सर, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मला ते आवडतात, तो बाप. मी विचारलं, काय आवडतं त्यात. तो म्हणाला, ते थांबत नाहीत कारण थांबले तर कोणी बोलणारच नाही असं त्यांना वाटतं.
पोराला भिंगातलं काही कळत नाही. तरी निघताना त्याच्या पाठीवर हात ठेवला. जोरात पडला असावा, पुढे झुकला.

१२ मार्च, सकाळी ७.०५
मुलगी चहा घेऊन समोर बसली. म्हणाली, बाबा, मला. मी तोंडावर हात ठेवला. तिने विचारलं, दात दुखतोय का. मान हलवली. बोल, अशी खूण केली.
ती बोलली. दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे. अर्ज जुलैत केला होता, पत्र नोव्हेंबरात आलं, रविवारी निघते. जवळच्या गावातही जागा होती, तिने लांबची मागून घेतली. आईला माहीत आहे. त्या पोरालाही माहीत आहे, मी कात्रणं शोधायला आत गेलो होतो त्या दिवसापासून. म्हणाली, या घरात माझं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा पुरं झालं, तुम्ही पोटमाळ्यावर होतात म्हणून.
चार मिनिटं लागली. हाताखाली ओठ हलत होते. तळव्याला लागत होते.
मग ती थांबली. माझी पाळी होती. हात काढला. अख्ख्या नाटकातली चौघांची वाक्यं आजही पाठ आहेत, त्यांतलं एकही चालण्यासारखं नव्हतं. तोंडाशी 'तसं नाही' आलं होतं, ते गिळलं.
तिच्या कपाचा कान डावीकडे होता. मी उजवीकडे केला.
तिने तो परत डावीकडे फिरवला, डाव्या हाताने कप उचलला आणि उरलेला चहा संपवला.
मुलगी अजून डावखुरी आहे.